वीस चित्रे, चारशे सेकंद: पेचाकुचा पद्धतीचे सादरीकरण कसे तयार करावे

एकूण वीस स्लाइड, प्रत्येक स्लाइड पडद्यावर वीस सेकंद आणि वेळ संपताच पुढची स्लाइड आपोआप हजर, एवढाच पेचाकुचा या सादरीकरण-पद्धतीचा नियम आहे. सगळे मिळून ४०० सेकंद, म्हणजे ६ मिनिटे ४० सेकंद होतात. टोकियोत काम करणारे वास्तुविशारद ॲस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम यांनी फेब्रुवारी २००३ मध्ये ही पद्धत सुरू केली. वास्तुविशारदांच्या हाती माइक आणि स्वतःच्या कामाची चित्रे दिली की ते थांबत नाहीत, ही त्यांची आपल्याच व्यवसायबंधूंविषयीची तक्रार होती. पुढे २००६ मध्ये अमेरिकेतील सिएटल शहरात ब्रॅडी फॉरेस्ट आणि ब्री पेटिस यांनी ‘इग्नाइट’ हा याच जातीचा कार्यक्रम सुरू केला. त्यातही स्लाइड वीसच असतात, पण प्रत्येकीला १५ सेकंद मिळतात, म्हणजे सारा खेळ ५ मिनिटांत आटोपतो. या लेखात वीस सेकंदांचा हिशेब धरला आहे. इग्नाइटसाठी तो त्याच प्रमाणात कमी करून घ्यावा.

नवख्या माणसाला या पद्धतीत पहिली भीती वेळेची वाटते आणि त्या भीतीपोटी तो भरभर बोलण्याची तयारी करू लागतो. ही तयारी उलट्या टोकाकडून झालेली असते. एखादी गोष्ट सांगण्याचे निम्मे काम चित्रानेच केले, तर बोलण्याला घाई उरत नाही. आणि चित्राने काहीच केले नाही, तर कितीही वेगाने बोलले तरी वीस सेकंद अपुरेच पडतात. म्हणून तयारीचा बहुतेक वेळ चित्रांची निवड आणि त्यांचा क्रम यांवर खर्च करावा. मजकूर त्यानंतर लिहावा, आणि सॉफ्टवेअर उघडण्याची वेळ तर सर्वांत शेवटी येते.

विषय प्रश्नाच्या रूपात मांडावा

‘सायकलचा इतिहास’ हा विषय ४०० सेकंदांत मावत नाही. ‘सायकलचे चाक आधी मोठे आणि मग पुन्हा लहान का झाले?’ हा मात्र सहज मावतो. पहिल्या शीर्षकाखाली सालांची आणि नावांची यादी होते, कारण त्यात काय गाळायचे हे ठरवायला आधारच नसतो. दुसऱ्यात प्रत्येक चित्राला एक कसोटी मिळते, ती म्हणजे हे चित्र त्या प्रश्नाच्या उत्तराला पुढे नेते की नाही. आपला विषय ‘का’ किंवा ‘कसे’ असलेल्या एका प्रश्नात बसवता आला नाही, तर तो अजून रुंद आहे असे समजावे आणि छाटत राहावे. स्वतःच्या कामाविषयी, छंदाविषयी किंवा एखाद्या प्रकल्पाविषयी बोलायचे असले, तरी हीच रीत उपयोगी पडते.

क्रम कागदावर लावावा

चिकटणाऱ्या छोट्या चिठ्ठ्या किंवा पत्त्याएवढे कागदाचे तुकडे घ्यावेत. प्रत्येकावर दोनच गोष्टी लिहाव्यात: चित्रात काय दिसेल आणि त्यावरून कोणते एक विधान करायचे आहे. विधान पूर्ण वाक्यात हवे. ‘मोठ्या चाकाची सायकल’ हे विधान नव्हे. ‘पेडल थेट चाकाला जोडलेले असल्यामुळे वेगासाठी चाक मोठे करावे लागले’ हे विधान आहे. एका तुकड्यावर दोन विधाने येऊ लागली, तर त्यांचे दोन तुकडे करावेत किंवा त्यांतले एक सोडून द्यावे. तीस-पस्तीस तुकडे जमले की ते टेबलावर मांडून क्रम लावावा आणि वीस उरेपर्यंत काढत जावे.

वरच्या प्रश्नासाठी क्रम साधारण असा लागेल. सुरुवातीच्या दोन-तीन स्लाइडमध्ये प्रश्न उभा राहील: मोठ्या चाकाची सायकल आणि आजची सायकल शेजारीशेजारी दाखवली की तो श्रोत्यांना न सांगताही पडतो. मग १८१७ साली जर्मनीत कार्ल द्राइस यांनी चालवून दाखवलेली, पेडल नसलेली, पायांनी जमीन मागे रेटत पळवायची लाकडी गाडी येईल. त्यानंतर १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये पुढच्या चाकाला बसवलेले पेडल, आणि त्याच पेडलमुळे १८७० च्या दशकात वाढत गेलेले पुढचे चाक. मग जॉन केम्प स्टार्ली यांची १८८५ ची ‘रोव्हर’: तिच्यात पेडलची गती साखळीने मागच्या चाकाला मिळाली, पुढचे दातेरी चक्र मागच्यापेक्षा मोठे ठेवले की पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचे अनेक फेरे होऊ लागले आणि मोठ्या चाकाची गरजच संपली. शेवटी डनलॉप यांचा १८८८ चा हवा भरलेला टायर, कारण लहान चाकाला खड्ड्यांचे धक्के जास्त बसत होते आणि तो प्रश्न टायरने सोडवला. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याने निर्माण केलेल्या अडचणीतून निघतो, म्हणून श्रोता पुढच्या चित्राची वाट पाहत राहतो. आपल्या विषयात अशी साखळी सापडते का, हे तुकडे मांडतानाच पाहावे. न सापडल्यास क्रम बदलून पाहावा. नुसत्या कालक्रमावर समाधान मानू नये.

वीस भाग सारख्या वजनाचे असण्याची गरज नाही. कळीच्या टप्प्याला पाच-सहा स्लाइड द्याव्यात आणि ओळखीच्या भागावरून एका स्लाइडमध्ये पुढे जावे. एखाद्या मुद्द्याला चाळीस सेकंद हवेच असतील तर नियम न मोडता एक युक्ती करता येते: पहिल्या स्लाइडवर पूर्ण चित्र ठेवावे आणि दुसरीवर त्याच चित्रातला नेमका तुकडा मोठा करून दाखवावा. आधी संपूर्ण सायकल, मग फक्त चाकाचा मध्य आणि त्याला लागून असलेले पेडल. यात श्रोत्याला नवी माहिती पचवावी लागत नाही, त्याची नजर फक्त जवळ येते आणि बोलणाऱ्याला खुलासा करायला सलग वेळ मिळतो. आकृत्या आणि आलेख दाखवताना ही युक्ती विशेष कामी येते, कारण पूर्ण आलेख वीस सेकंदांत वाचून होत नाही.

चित्रे निवडताना

चांगल्या चित्राची माझी कसोटी एकच आहे: सभागृहाच्या शेवटच्या ओळीतून, दोन सेकंदांत, नजर कुठे जावी हे कळले पाहिजे. गर्दीचे, अनेक वस्तूंचे, सुंदर पण विखुरलेले चित्र छापील पानावर चालते. येथे चालत नाही. अशा चित्रातला एकच भाग कापून घेतला तर ते बरेचदा वाचते. एका स्लाइडवर चार छायाचित्रांची चौकट करण्याचा मोह टाळावा. तुलना दाखवायची असेल तेव्हाच दोन चित्रे शेजारी ठेवावीत आणि तेव्हा दोन्हींची मोजपट्टी सारखी ठेवावी. अमूर्त कल्पनेसाठी हस्तांदोलन, दिव्याचा बल्ब, शिखरावरचा गिर्यारोहक असली तयार चित्रे घेण्यापेक्षा काळ्या पार्श्वभूमीवर एक शब्द किंवा एक आकडा ठेवणे मी केव्हाही पसंत करीन.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगण्यासारखी आहे. आजचे बहुतेक प्रोजेक्टर आणि पडदे १६:९ या प्रमाणाचे असतात, म्हणून स्लाइडही त्याच प्रमाणाची ठेवावी आणि पूर्ण स्लाइड भरणारे चित्र किमान १९२० × १०८० पिक्सेलचे घ्यावे. फोनवर काढलेले छायाचित्र सहसा ४:३ प्रमाणात असते. ४००० × ३००० पिक्सेलचे छायाचित्र १६:९ मध्ये कापले की ४००० × २२५० उरते, म्हणजे हानी उंचीत होते आणि डोके किंवा पाय कापले जाण्याचा धोका असतो. चित्र ताणून कधीही बसवू नये. उभे चित्र कापण्याजोगे नसेल, तर ते पूर्ण उंचीत ठेवून दोन्ही बाजूंना काळी जागा सोडावी. प्रोजेक्टरवर सावल्यांमधला तपशील हरवतो, म्हणून लॅपटॉपवर जेमतेम दिसणारे गडद चित्र आधीच थोडे उजळून घ्यावे.

चित्र स्वतः काढलेले नसेल, तर ते वापरण्याची परवानगी आहे का हे पाहणे आवश्यक आहे. इंटरनेटवरील चित्रशोधात दिसले म्हणून ते मोफत ठरत नाही. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक चित्राच्या पानावर त्याचा परवाना स्पष्ट लिहिलेला असतो, आणि जुन्या यंत्रांची, वास्तूंची व नकाशांची असंख्य चित्रे तेथे स्वामित्वहक्कातून मुक्त झालेली सापडतात. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘बीवाय’ परवान्यात चित्रकाराचे किंवा छायाचित्रकाराचे नाव देणे बंधनकारक असते. ‘एनसी’ असल्यास व्यावसायिक वापर करता येत नाही. ‘एनडी’ असल्यास चित्रात फेरफार करून ते पुढे वाटता येत नाही, म्हणून जे चित्र कापून घ्यायचे आहे ते या परवान्याचे नसलेले बरे. नाव स्लाइडच्या खालच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत द्यावे. तसेच पानावरची छोटी प्रतिमा जतन न करता मूळ आकाराची फाइल उतरवून घ्यावी. या एका आळसामुळे पडद्यावर फाटलेली, धूसर चित्रे दिसतात.

बोलण्याचा मजकूर

क्रम आणि चित्रे पक्की झाल्यावरच लिहायला बसावे. शांत, स्पष्ट मराठी बोलताना वीस सेकंदांत साधारण पस्तीस ते चाळीस शब्द बसतात. प्रत्येकाचा वेग निराळा असल्यामुळे एखादा परिच्छेद मोठ्याने वाचून, स्टॉपवॉच लावून आपला आकडा काढावा. त्यातही पूर्ण वीस सेकंद भरू नयेत. सोळा सेकंदांचा मजकूर लिहावा आणि चार सेकंद मोकळे सोडावेत, कारण नवे चित्र आल्यावर श्रोत्याला ते पाहायला क्षणभर शांतता लागते आणि प्रत्यक्ष मंचावर श्वास, हशा, एखादा अडखळलेला शब्द यांची भरपाई त्याच मोकळ्या वेळातून होते.

मजकूर कसा असावा याचा एक नमुना पाहू. पडद्यावर मोठ्या चाकाची सायकल आहे. नवखा वक्ता बहुधा असे लिहील: ‘या स्लाइडवर आपल्याला एकोणिसाव्या शतकातील एक सायकल दिसत आहे. तिचे पुढचे चाक खूप मोठे असून मागचे चाक लहान आहे. स्वार उंचावर बसलेला आहे.’ यातला प्रत्येक शब्द खरा आहे आणि जवळजवळ प्रत्येक शब्द वाया गेला आहे, कारण हे सगळे डोळ्यांनी आधीच टिपलेले असते. त्याऐवजी असे म्हणता येईल: ‘चाक एवढे मोठे कशासाठी? पेडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले होते. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचाही एकच फेरा. तेव्हा वेग हवा तर चाक मोठे करणे, एवढाच मार्ग उरत होता. मर्यादा होती ती स्वाराच्या पायांच्या लांबीची.’ हे चौतीस शब्द आहेत. पहिल्या चार शब्दांत नजर चाकाकडे वळते, मधल्या भागात चित्रात न दिसणारे कारण येते, आणि शेवटचे वाक्य ऐकताच श्रोता पुन्हा चित्राकडे पाहून त्या पायांचा अंदाज घेतो. ज्यांना पडदा नीट दिसत नाही अशा श्रोत्यांनाही ‘मोठे चाक’ एवढा धागा मिळालेला असतो.

दुसरी बाब सांध्याची. स्लाइड बदलताना वाक्य मधोमध तुटू नये ही खबरदारी सर्वजण घेतात, पण त्यातून वीस सुटे परिच्छेद तयार होतात आणि ऐकणाऱ्याला दर वीस सेकंदांनी गाडी थांबल्यासारखी वाटते. यावर उपाय असा, की काही स्लाइडच्या शेवटी प्रश्न किंवा अडचण ठेवावी आणि तिचे उत्तर पुढच्या चित्रालाच देऊ द्यावे. ‘मर्यादा होती ती स्वाराच्या पायांच्या लांबीची’ असे म्हणून थांबल्यावर साखळीचे चित्र आले, तर उत्तर पडद्यावर आधी दिसते आणि आपण फक्त ते समजावून सांगतो. वीसपैकी पाच-सहा ठिकाणी असा सांधा जमला तरी पुरे आहे. प्रत्येक ठिकाणी केला तर ती लकब होते.

वाक्ये लिहिताना ती कानाला कशी लागतात हे पाहावे. लेखी मराठीत शोभणारी ‘असल्याकारणाने’, ‘करण्यात आलेले आहे’ यांसारखी रूपे बोलताना सेकंद खातात. साले आणि आकडे एका स्लाइडला एकापेक्षा जास्त नकोत. साल पडद्यावर लिहिलेले असेल तर ते उच्चारण्याचीही गरज नाही. पडद्यावर लिहायचेच असेल तर तीन-चार शब्द, मोठ्या अक्षरांत, चित्राच्या मोकळ्या भागावर लिहावेत. श्रोता वाचत असताना ऐकत नाही, म्हणून लिहिलेले आणि बोललेले यांत विसंवाद असता कामा नये.

सॉफ्टवेअरमध्ये वेळ लावणे

पॉवरपॉइंटमध्ये सर्व स्लाइड तयार झाल्यावर ‘ट्रान्झिशन्स’ या टॅबवर जावे. तेथे उजवीकडे ‘ॲडव्हान्स स्लाइड’ या गटात ‘ऑन माउस क्लिक’ समोरची खूण काढावी, ‘आफ्टर’ समोर खूण करून ००:२०.०० ही वेळ भरावी आणि ‘अप्लाय टू ऑल’ दाबावे. त्यानंतर ‘स्लाइड शो’ टॅबवरील ‘यूज टायमिंग्ज’ ही खूण चालू असल्याची खात्री करावी. ती बंद असेल तर भरलेल्या वेळा पाळल्या जात नाहीत. ट्रान्झिशनचा, म्हणजे स्लाइड बदलतानाचा, कोणताही परिणाम ठेवू नये आणि स्लाइडच्या आत ॲनिमेशनही ठेवू नये. हे केवळ सौंदर्यदृष्टीने सांगत नाही: पॉवरपॉइंट वीस सेकंद मोजू लागतो तो स्लाइडवरील परिणाम संपल्यानंतर, त्यामुळे प्रत्येक स्लाइडला एक सेकंदाचा परिणाम दिला तरी शेवटी वीस सेकंद वाढलेले असतात.

पॉवरपॉइंटमधीलच ‘रिहर्स टायमिंग्ज’ ही सोय नावावरून सरावासाठी उपयुक्त वाटते, पण येथे ती घातक ठरते. सराव संपल्यावर ती नव्या वेळा जतन करायच्या का असे विचारते आणि होकार दिल्यास आपण भरलेल्या वीस सेकंदांच्या जागी आपलेच कमी-जास्त सेकंद नोंदवते. सराव नेहमीच्या स्लाइड शोवरच करावा.

लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये हीच वेळ ‘स्लाइड ट्रान्झिशन’ या बाजूच्या पट्टीत भरून सर्व स्लाइडना लागू करता येते. कीनोटमध्ये सादरीकरणाचा प्रकार ‘सेल्फ-प्लेइंग’ निवडून ट्रान्झिशनचा विलंब वीस सेकंद ठेवता येतो. गूगल स्लाइड्समध्ये आपोआप पुढे जाण्यासाठी मोजकेच पर्याय दिलेले असतात आणि त्यांत वीस सेकंद नसतात. वेबवर प्रकाशित करताना मिळणाऱ्या दुव्यात मात्र विलंबाचा आकडा हजारांश सेकंदांत लिहिलेला असतो. तो बदलून २०००० केला की काम होते.

देवनागरी अक्षरांची काळजी वेगळी घ्यावी लागते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर रोमन अक्षरांचा कचरा होऊन दिसतो. युनिकोड फॉन्ट असला तरी तो समोरच्या संगणकावर नसेल तर ओळी सरकतात. सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे प्रत्येक स्लाइड चित्र म्हणून निर्यात करावी आणि ती वीस चित्रे नव्या फाइलमध्ये बसवून त्यांना वेळ लावावी. याशिवाय, वेळा लागलेल्या स्लाइडची एमपी४ व्हिडिओ फाइल काढून पेन ड्राइव्हवर ठेवावी. कार्यक्रमाच्या जागी कोणते सॉफ्टवेअर असेल याची खात्री नसते आणि व्हिडिओ कुठेही चालतो. व्हिडिओ काढताना नोंदवलेल्या वेळा वापरण्याचा पर्याय निवडलेला असावा आणि तयार फाइलची लांबी ६ मिनिटे ४० सेकंद आहे ना, हे पाहून घ्यावे.

सराव

पहिला सराव मोठ्याने, उभे राहून आणि अजिबात न थांबता करावा. चुकले तरी स्लाइड थांबवू नये, कारण मंचावरही ती थांबणार नाही. ज्या ठिकाणी आपण मागे पडलो तेथे कागदावर खूण करावी. मागे पडण्याचे कारण अनेकदा त्या स्लाइडमध्ये नसते, आधीच्या दोन-तीन स्लाइडमध्ये साठत आलेले असते. म्हणून कात्री तेथे चालवावी. शब्दन् शब्द पाठ करणे मला धोक्याचे वाटते, कारण एक वाक्य विसरले की पाठांतराची सगळी ओळ तुटते. त्याऐवजी प्रत्येक स्लाइडचे पहिले वाक्य आणि तिच्यानंतर येणारे चित्र, एवढे पक्के करावे. पॉवरपॉइंटमध्ये ‘हँडआउट्स’ म्हणून एका पानावर नऊ स्लाइड छापता येतात. अशी तीन पाने प्रवासात, चहाच्या वेळी चाळली तरी क्रम डोळ्यांत बसतो.

शेवटचे एक-दोन सराव कुणासमोर तरी करावेत. त्या व्यक्तीला ‘कसे झाले?’ असे विचारू नये. तिला कोणती तीन चित्रे आठवतात आणि ती काय सांगत होती असे वाटते, हे विचारावे. आठवलेल्या चित्रांत कळीचे चित्र नसेल तर दोष बोलण्याचा नसून निवडीचा किंवा क्रमाचा आहे, आणि तो दुरुस्त करायला अजून वेळ असतो.

प्रत्यक्ष मंचावर

नमस्कार, आभार आणि स्वतःची ओळख पहिल्या स्लाइडच्या वीस सेकंदांतून वजा होतात. निवेदकाने ओळख करून दिली असेल तर सरळ विषयाला हात घालावा. कार्यक्रम आपलाच असेल, तर वीस स्लाइडच्या आधी वेळ न लावलेली, क्लिकने पुढे जाणारी एक शीर्षक-स्लाइड ठेवावी आणि ओळख तिच्यावर उरकावी. रिमोट हातात घेऊ नये: ‘ऑन माउस क्लिक’ बंद असले तरी रिमोटचे आणि कीबोर्डवरील बाणांचे बटण स्लाइड पुढे ढकलते, आणि घाबरलेला अंगठा ते नकळत दाबतो.

बोलणे मागे पडले तर चालू वाक्य अर्धवट सोडून नव्या स्लाइडच्या पहिल्या वाक्यावर यावे. राहिलेला मजकूर पुढच्या चित्रावर सांगू लागले की शेवटपर्यंत चित्र आणि शब्द यांची गाठ पडत नाही. बोलणे लवकर संपले तर गप्प राहावे आणि स्वतःही पडद्याकडे पाहावे. श्रोते तेच करतात आणि ती शांतता कुणालाही खटकत नाही. विसाव्या स्लाइडनंतर वेळ न लावलेली एक पूर्ण काळी स्लाइड जोडून ठेवावी, म्हणजे प्रश्नोत्तरे चालू असताना पडद्यावर आपल्या लॅपटॉपवरील फाइलींची यादी दिसत नाही.